काचीगुड्याच्या शाळेतले रहीम मास्तर

काचीगुडा म्हटले की आपल्या घरांतून आधी स्टेशन आठवते. मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या, उन्हाळ्याच्या सुटीत ट्रंका घेऊन उतरणारी मामेभावंडे, बाहेर उभे असलेले रिक्षावाले. याच काचीगुड्यात एक मिडल स्कूल होते आणि त्या शाळेत एके काळी सय्यद अब्दुल रहीम नावाचे मास्तर शिकवीत असत, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. भारताच्या फुटबॉल संघाने आशियाई स्पर्धेत आजवर दोनच सुवर्णपदके मिळवली आहेत, १९५१ चे आणि १९६२ चे. दोन्ही वेळा संघाला शिकवणारे हेच मास्तर होते.

२०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि रहीमसाहेबांचे नाव नव्या पिढीच्या कानावर पडले. आपल्या अनेक सभासदांनी मुलाबाळांसह तो पाहिला. चित्रपट म्हटला की तो एका स्पर्धेवर, एका विजयावर उभा राहणार, आणि त्यात गैर काही नाही. पण ज्यांनी या शहरात आयुष्य काढले त्यांना आणखी काही जाणून घ्यायची इच्छा असते. जकार्तातला तो एक सामना उभा राहिला वीस वर्षांच्या कामावर. ते काम बरेचसे आपल्याच गल्ल्यांत, शाळांच्या मैदानांवर आणि पोलिसांच्या संघात झाले. आणि रहीमसाहेब गेल्यावर ते पुढे का गेले नाही, हाही प्रश्न उरतो. म्हणून हा लेख.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. तो निजामाच्या राजवटीचा काळ. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले आणि विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले. पुढे इलेव्हन हंटर्स आणि कमर क्लब या शहरातल्या संघांकडूनही खेळले. खेळाडू म्हणून ते चांगले होते, पण त्यांचे नाव राहिले ते खेळण्यामुळे नव्हे. बी.ए. झाल्यावर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुड्याचे मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिकवले. मध्येच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मग शाळेतल्या खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

त्यांचे हे मास्तर असणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. शिक्षकाच्या हाताखालून दर वर्षी एक वर्ग पुढे जातो आणि नवा येऊन बसतो. मुले बदलतात, अभ्यासक्रम तोच असतो. गेल्या वर्षी कोणाला काय जमले नाही हे लक्षात ठेवून या वर्षी ते आधी शिकवायचे, ही सवय वर्गात लागते. बड्या क्लबांना ही सवय नसते. त्यांना येत्या रविवारचा सामना जिंकायचा असतो.

१९४३ मध्ये रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६३ पर्यंत, त्या पदावर राहिले. सचिव म्हणजे कागद रंगवणारा माणूस असा आपला समज असतो. संस्थेचे काम केलेल्यांना ठाऊक आहे की सचिव मनावर घेणारा असेल तर तोच संस्था असतो. सामने कधी, कोणत्या मैदानावर, पंच कोण, कोणत्या मोहल्ल्याचा संघ कोणाशी खेळणार, हे सारे त्यांच्या हातात होते. आणि त्यांनी ते हाती असण्याचा उपयोग शिकवण्यासाठी करून घेतला.

दोन उदाहरणे देतो. त्या काळी आपल्याकडे फुटबॉल म्हणजे चेंडू पायात घेऊन तीन-चार जणांना चकवत धावणे. प्रेक्षक टाळ्या त्यालाच देत. रहीमसाहेबांनी चकवण्याला बंदी असलेले सामनेच भरवले. चेंडू आला की तो लगेच साथीदाराकडे द्यायचा. तसेच फक्त कमजोर पायाने खेळायचे सामने भरवले. उजव्या पायाच्या मुलाने डावाच पाय वापरायचा. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. पण ज्या मुलाने एक अख्खी स्पर्धा डाव्या पायाने खेळून काढली, त्याचा डावा पाय पुढे जन्मभर कामाला येतो, आणि ज्याने चेंडू झटपट सोडायची सवय लावून घेतली त्याला आजूबाजूला कोण उभे आहे हे आधीच बघून ठेवावे लागते. वर्गात पाढे घोकून घेतात तसे हे होते. गंमत म्हणजे याला खर्च काही नव्हता. सचिव आणि शिक्षक एकच असल्यामुळे परवानगीही कोणाची लागत नव्हती.

असाच एक मुलगा सिकंदराबादच्या अम्मुगुड्यात त्यांच्या नजरेला पडला. घरची गरिबी. सरावाला हैदराबादेत यायचे म्हणजे मोठे अंतर, आणि रोज येण्याजाण्याला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी त्याच्यासाठी सायकलची सोय करून दिली. हा मुलगा म्हणजे तुलसीदास बलराम. मेलबर्न आणि रोम ही दोन ऑलिंपिक तो खेळला, जकार्ताच्या सुवर्णपदकात त्याचा मोठा वाटा होता आणि भारतातल्या सर्वोत्तम आघाडीवीरांत आजही त्याचे नाव घेतात. बलराम २०२३ मध्ये गेले. रहीमसाहेबांविषयी ते शेवटपर्यंत शागिर्दाने उस्तादाविषयी बोलावे तसे बोलत.

१९५० पासून रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघाची कामगिरी आज सांगितली तर तरुणांना पटत नाही. मुंबईचा रोव्हर्स करंडक या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक त्या वेळी मुंबईत होते, त्यांच्याकडून कूपरेजच्या मैदानावर हैदराबादच्या पोलिसांचा सामना असला की होणाऱ्या गर्दीच्या गोष्टी ऐकायला मिळत. ड्युरँड करंडकही पोलिसांनी एकाहून अधिक वेळा आणला. पुढे राज्याच्या संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष करंडक जिंकला, तेव्हाही शिकवणारे तेच.

पाच वर्षे सलग जिंकणे नुसत्या नशिबाने होत नाही. पोलीस खात्यात खेळाडूंना नोकरी होती, त्यामुळे ते पैशासाठी दर वर्षी संघ बदलत नव्हते. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, मोइनुद्दीन, जमाल ही माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या शेजारी खेळली. कोण कुठे धावणार हे बघावे लागत नसे. नवा मुलगा संघात आला की त्याला रहीमसाहेब शिकवीत, आणि ते जे सांगून झालेले असे ते मैदानावर जुना खेळाडू त्याच्याकडून करून घेई. त्या काळी सहायक प्रशिक्षक असे पद आपल्याकडे नव्हते. पण ते काम होते आणि ते मधल्या फळीतला एखादा जुनाजाणता हवालदार करत होता.

हे समजायला लांब जायला नको. आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकाचेच घ्या. दिग्दर्शक दरसाल बदलतो. कधी तो उत्साही असतो, कधी फक्त हौशी. पण पडद्याआड संहिता घेऊन बसणारा, कोणाची एंट्री कुठून आहे आणि कोणता नट तिसऱ्या अंकात वाक्य विसरतो हे ठाऊक असणारा माणूस तोच असला, की नाटक उभे राहते. त्याचे नाव श्रेयनामावलीत शेवटी असते. तो एखाद्या वर्षी आजारी पडला की मग त्याची किंमत कळते.

आता भारतीय संघाकडे वळू. १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली. रहीमसाहेबांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून सुवर्ण मिळवले. शैलेन मन्ना कर्णधार होते, गोल मेवालालने केला. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने याच भारताला १०-१ असे धुऊन काढले. थंडीत, ओल्या मैदानावर, आपले काही खेळाडू अनवाणी. इतक्या मोठ्या पराभवानंतर आपल्याकडे नेहमी जे होते ते म्हणजे प्रशिक्षकाला घरी पाठवणे. काही प्रमाणात तसे झालेही. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत सूत्रे दुसऱ्यांकडे होती आणि संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

रहीमसाहेब मात्र हेलसिंकीहून रिकाम्या हाताने परतले नव्हते. ते ऑलिंपिक हंगेरीने जिंकले होते. हंगेरीचा मधला आघाडीवीर पुढे गोलापाशी उभा न राहता मागे सरकून खेळे, आणि त्याला धरायला पुढे यावे की जागेवर राहावे या पेचात प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू सापडे. जगभरच्या प्रशिक्षकांना या खेळाने विचार करायला लावले. आपल्या मास्तरांनीही तो अभ्यासला आणि १९५६ मध्ये मेलबर्नला भारतीय संघ घेऊन जाताना वापरला. खेळाडूंच्या पायात आता बूट होते. नूर आणि अझीझुद्दीन हेलसिंकीचा मार खाऊन आलेले होते. त्यांच्या जोडीला बलराम, पी. के. बॅनर्जी, पीटर थंगराज असे विशीतले खेळाडू होते.

मेलबर्नमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. नेव्हिल मूळचा गोव्याचा, बार्देशातल्या आसगावचा, आणि मुंबईत टाटा संघाकडून खेळणारा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोल करणारा तो पहिला आशियाई ठरला आणि भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत जाणारा पहिला आशियाई देश. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. पहिला गोल भारताचा, तोही नेव्हिलचाच. नंतर सामना ४-१ ने गेला, पण चार वर्षांपूर्वीच्या १०-१ शी हे आकडे ताडून पाहावेत. मधल्या चार वर्षांत काय शिकून झाले ते त्यातून दिसते. तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडून ३-० ने हरून संघ चौथा आला.

एवढे झाल्यावर तरी याच माणसाकडे संघ सलग ठेवावा, असे कोणालाही वाटेल. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेला पुन्हा प्रशिक्षक दुसरे. संघ चौथा. १९६० च्या रोम ऑलिंपिकला पुन्हा रहीमसाहेब. आम्ही इथे कोणा दुसऱ्या प्रशिक्षकाला कमी लेखत नाही. ते सारे फुटबॉल जाणणारे लोक होते. पण एकाने दोन वर्षे घडवायचे, दुसऱ्याने येऊन आपल्या पद्धतीने सुरुवात करायची, मग पुन्हा पहिल्याला बोलावायचे, यात सगळ्यात जास्त ओढाताण खेळाडूची होते. शाळेत वर्षाच्या मध्यावर शिक्षक बदलला की मुलांचे काय होते हे पालकांना सांगायला नको.

रोममध्ये निकाल फार चांगले दिसत नाहीत. हंगेरीकडून २-१ ने हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून ३-१ ने हार. पण हंगेरीसारख्या संघाशी एका गोलाच्या फरकाने हरणारा आणि फ्रान्सला बरोबरीत रोखणारा हा भारतीय संघ आज डोळ्यांसमोर आणून पाहावा. शिवाय या संघात पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम, जर्नेल सिंग, थंगराज, अरुण घोष, युसूफ खान, फ्रँको अशी नावे होती. दोन वर्षांनी जकार्ताला गेलेला संघ तो बराचसा हाच. फ्रँको म्हणजे फोर्तुनातो फ्रँको, गोव्यातल्या कोलवाळचे, तेही मुंबईत टाटांकडून खेळणारे. रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद अब्दुल हकीम हाही रोमच्या संघात होता. सामना खेळायला मात्र त्याला मिळाला नाही. जकार्ताच्या संघात तर त्याला जागाच मिळाली नाही. वडील प्रशिक्षक असताना हे घडले, हे आपण लक्षात ठेवावे.

जकार्ताची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. १९६२ पर्यंत रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठले होते. अशा प्रकृतीत ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले. त्यानंतर थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण जर्नेल सिंगच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले. जर्नेल हा बचावफळीचा कणा होता. जपानला २-० ने हरवून संघ उपांत्य फेरीत आला तेव्हा हा कणा डोक्याला पट्टी बांधून बसलेला. बचावात त्याला पुन्हा पुन्हा चेंडू डोक्याने मारावा लागणार, ते तर शक्य नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला चक्क पुढे, मधला आघाडीवीर म्हणून उतरवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात चुनीने दोन आणि जर्नेलने एक गोल केला. भारत ३-२ ने जिंकला.

याला लोक जुगार म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. जर्नेलला मागून पुढे न्यायचे तर मागची जागा दुसऱ्या कोणी तरी सांभाळली पाहिजे, आणि सांभाळणाऱ्यांना ते आधीपासून येत असले पाहिजे. अरुण घोष, चंद्रशेखर, फ्रँको ही माणसे रोमपासून त्यांच्या हाताखाली होती. जो प्रशिक्षक तीन महिन्यांपूर्वी आला आहे त्याला असली उलटापालट सुचली तरी ती करायचे धाडस होणार नाही. खेळाडूला तो ओळखतच नसतो.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला झाला, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. स्टेडियममध्ये लाखभर माणसे आणि बहुतेक सगळी भारताच्या विरोधात. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेत येऊ दिले नव्हते. त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता आणि त्याचा राग जकार्तातल्या लोकांनी भारतीय खेळाडूंवर काढला. आपल्या बाजूने ओरडणारे थोडेच होते. त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते असे आपले खेळाडू पुढे अनेकदा सांगत. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना एकत्र बोलावले आणि उद्या मला तुमच्याकडून सोन्याची भेट हवी, एवढेच मागितले, असेही ते सांगत. आजाराविषयी त्या माणसाने किती सांगितले आणि खेळाडूंना किती उमगले होते, हे ज्याचे त्याला माहीत. तापाने आजारी असलेला थंगराज गोलरक्षक म्हणून परत आला. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला, विसाव्या मिनिटाला डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलने. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण सामना २-१ ने भारताचा झाला.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. वय ५३.

पुढची हकीकत मोजक्या आकड्यांत सांगता येते. १९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. तोवर संघ मास्तरांनी घडवलेलाच होता, गाडी त्या वेगावर धावत होती. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाहेर. १९७० मध्ये कांस्य. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे एकही पदक नाही. रोमनंतर ऑलिंपिकला आपला संघ गेलेला नाही. हैदराबादचेही तसेच झाले. आंध्र प्रदेशाने १९६५-६६ मध्ये एकदा संतोष करंडक आणला. मग हबीब, नईमुद्दीन यांच्यासारखे इथले गुणी खेळाडू कलकत्त्याच्या क्लबांकडे गेले. त्यांचे नाव झाले आणि व्हायलाच हवे होते. पण मोहल्ल्यातल्या मुलाला कमजोर पायाने स्पर्धा खेळायला लावणारा सचिव पुन्हा झाला नाही.

याचा दोष मृत्यूला देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला मात्र वाटते की उणीव त्याआधीची होती. हैदराबादेत रहीमसाहेबांच्या शेजारी उभे राहून शिकणारी माणसे होती, कारण तिथे ते वीस वर्षे हलले नाहीत. भारतीय संघात त्यांच्या शेजारी कोणीच नव्हते. संघाबरोबर एक व्यवस्थापक असे, आणि प्रशिक्षक ते एकटे. कोणत्या खेळाडूला रागावून चालते, कोणाला नुसते खांद्यावर हात ठेवून, पहिला सामना हरल्यावर सरावात काय बदलायचे, जर्नेलला पुढे न्यायचे हे कोणत्या क्षणी ठरले, हे सगळे एका माणसाच्या डोक्यात होते. फेडरेशनने त्यांच्याजवळ एक तरुण माणूस चार वर्षे ठेवला असता, नुसता बघायला, वही घेऊन, तर त्याला खर्च तो किती आला असता?

त्याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते तेही पाहू. डिसेंबर १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबाने बिल शँक्ली यांना व्यवस्थापक नेमले. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खितपत होता. नवा माणूस आला की आपली माणसे आणतो, पण शँक्लींनी आधीच्या प्रशिक्षकांपैकी बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट यांना जागेवर ठेवले. खेळाडूंचे बूट ठेवायच्या खोलीत ही मंडळी बसून रोजच्या सरावाची चर्चा करीत, टिपणे ठेवीत. १९७४ मध्ये शँक्लींनी अचानक काम सोडले, तेव्हा क्लबाला बाहेर शोधत फिरावे लागले नाही. पेस्ली पुढे आले आणि त्यांनी युरोपीय चषक तीनदा जिंकला. त्यांच्यानंतर फेगन आले, त्यांनी १९८४ मध्ये आणखी एकदा. शँक्ली मोठे होते यात वाद नाही. पण दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबाचा पंचवीस वर्षांचा उत्कर्ष त्या बूटांच्या खोलीतल्या दुय्यम माणसांनी सांभाळला. रहीमसाहेबांची खोली होती, पण ती हैदराबादेत. देशाच्या संघाला तशी खोली कोणी दिली नाही.

तरीही शागिर्द राहतात. पी. के. बॅनर्जी खेळ थांबवल्यावर प्रशिक्षक झाले आणि सत्तरच्या दशकात कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांना त्यांनी मोठे यश मिळवून दिले. ते खेळाडूंना बोलून, चिथावून, गोष्टी सांगून पेटवीत असत, आणि ही विद्या कुठून आली हे ते स्वतःच मोकळेपणी सांगत. अरुण घोष पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. आपल्या हैदराबादचे नईमुद्दीन खेळाडू म्हणून १९७० च्या कांस्यपदकाच्या संघाचे कर्णधार होते, पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. म्हणजे वही कोणी लिहिली नसली तरी काही पाने ज्याच्या त्याच्या खिशात राहिली होती. फक्त ती एकत्र बांधायला कोणी नव्हते.

रोमला बाकावर बसून राहिलेला आणि जकार्ताला न गेलेला मुलगा, हकीम, भारतीय हवाई दलात अधिकारी झाला. सेनादलांकडून खेळला, आंतरराष्ट्रीय पंच झाला, नंतर प्रशिक्षण करू लागला. शहरातल्या फुटबॉलवाल्यांसाठी तेही हकीमसाहेबच झाले.

१९८२ मध्ये आशियाई स्पर्धा पुन्हा दिल्लीत आल्या. यजमान भारताच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते आणि सहायक प्रशिक्षक सय्यद अब्दुल हकीम. मास्तरांचा पट्टशिष्य आणि मास्तरांचा मुलगा एकाच बाकावर. जकार्ताला तेव्हा वीस वर्षे झाली होती. संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि सौदी अरेबियाकडून एका गोलाने हरला.

पी. के. २०२० मध्ये गेले, त्याच वर्षी चुनी गोस्वामी. हकीमसाहेब ऑगस्ट २०२१ मध्ये.